भाचीने चंद्र कसा शिकवला

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून आम्ही घरी परतलो, तो दारात आमची भाची उभी. पाठीवर संगणकाची पिशवी, एका हातात मोबाईल ठेवायची तिवई आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, एक जुनी रजई!

“मामा, महिनाभर तुमची माडीवरची खोली मला हवी. तिथे रस्त्याचा आवाज येत नाही.”

“अगं, पण रजई कशाला? आमच्या घरी काय पांघरुणे नाहीत?” आमच्या सौभाग्यवतींनी थोडे रागावूनच विचारले.

“पांघरायला नव्हे मामी, भिंतीवर टांगायला!”

भाची पुण्यातच बी. एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन सरावपाठ घ्यावे लागतात. तिच्या वाट्याला एका मराठी शाळेतला सातवीचा वर्ग आला होता आणि विषय होता चंद्राच्या कला. अट एकच. हा पाठ नुसत्या खडू-फळ्यावर न घेता डिजिटल साधने वापरून तयार करायचा. म्हणजे चित्रण स्वतः करायचे, आवाज स्वतः मुद्रित करायचा, चित्रे जोडायची आणि तयार झालेला व्हिडिओ वर्गात दाखवून मुलांच्या घरीही पाठवायचा. आमच्या काळी शिक्षक होण्यासाठी अक्षर वळणदार असले की पुष्कळ होई. आता गुरुजींना निम्मे छायाचित्रकार आणि निम्मे ध्वनिमुद्रकही व्हावे लागते!

माडीवरचा स्टुडिओ

पहिले आठ दिवस आमच्या घराला आकाशवाणी केंद्राची कळा आली. माडीवर दोरी बांधून तिच्यावर रजई, दोन चादरी आणि माझी शाल टांगली गेली. मोकळ्या भिंतींवर आवाज आपटून परत येतो आणि बोलणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. जाड कापड तो आवाज शोषून घेते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळले. ध्वनिमुद्रण चालू असताना कुकर लावायचा नाही, पंखा बंद, आणि मला खोकल्याची उबळ आलीच तर परसात जाऊन खोकायचे, असा हुकूम निघाला.

आवाज नीट करण्यासाठी तिने ‘ऑडॅसिटी’ नावाचे साधन घेतले होते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००० सालापासून ते सर्वांना फुकट मिळते. त्यातली एक गंमत मला फार आवडली. मुद्रणात मागे जी बारीक घरघर येते ती काढून टाकायची असेल, तर आधी खोलीतल्या नुसत्या शांततेचा चार-पाच सेकंदांचा नमुना त्या यंत्राला ऐकवावा लागतो. ‘ही आमच्या घरातली शांतता बरे का!’ असे सांगितले की मग ते बोलणे तेवढे ठेवून बाकीची घरघर वजा करते. आमच्या घरातली शांतता कशी असते हे मात्र त्या दिवशी आम्हालाही प्रथमच ऐकायला मिळाले.

चित्रांच्या बाबतीत तिला पहिला धडा मिळाला तो हक्कांचा. तिने एका गाजलेल्या चित्रपटगीताची धून मागे लावली आणि व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. काही मिनिटांतच हरकत आली की ही धून दुसऱ्याच्या मालकीची आहे. भाची हिरमुसली. पण त्या निमित्ताने तिला ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही व्यवस्था समजली. निर्माता आपणहून सांगतो की माझे चित्र वा संगीत वापरा, फक्त माझे नाव द्या. कोणी म्हणतो, त्यावरून धंदा करू नका. कोणी म्हणतो, तुम्ही जे बनवाल तेही असेच खुले ठेवा. या परवान्यांचा पहिला संच २००२ च्या डिसेंबरात निघाला. २००४ साली सुरू झालेल्या ‘विकिमीडिया कॉमन्स’ या भांडारात अशी असंख्य चित्रे आहेत. शेजाऱ्याच्या बागेतले फूल विचारून तोडावे, ही आपली जुनीच रीत. तीच इथे लेखी झाली आहे.

अखेर सहा मिनिटांचा व्हिडिओ सिद्ध झाला. काय त्याचा थाट! गरगर फिरणारी पृथ्वी, लुकलुकणारे तारे, मागे बासरी, आणि शीर्षकाच्या चित्रात एका कोपऱ्यात हसरा सूर्य व दुसऱ्या कोपऱ्यात चंद्राची नाजूक कोर. आम्ही उभयतांनी तो दोनदा पाहिला आणि भाचीला शाबासकी दिली. दोष काढण्यासारखे आम्हाला त्यात काहीच दिसले नाही.

टाळ्या पडल्या, पण...

नवरात्रात एके दिवशी तो पाठ झाला. वर्ग तल्लीन होऊन पाहत होता. शेवटी टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, चंद्राचं पोट सूर्याच्या बाजूला असतं ना? तुमच्यात उलटं आहे.”

‘पोट’ हा शब्द ऐकताच वर्ग खो-खो हसला. तास संपत आला होता. “अरे, ते चित्र नुसतं शोभेचं आहे,” असे म्हणून भाचीने वेळ मारून नेली. संध्याकाळी तिने व्हिडिओचा दुवा पालकांच्या गटावर पाठवला आणि मुलांनी तो घरी पुन्हा पाहावा, असे सांगितले. कोणी पाहिला आणि कोणी नाही याची यादी तिच्या मोबाईलवर आपोआप उमटत होती. चार दिवस झाले तरी त्या मुलाच्या नावापुढे काही उमटले नाही. भाचीने वहीत शेरा लिहिला, ‘घरचा अभ्यास असमाधानकारक’.

दसऱ्यानंतर तिने एक छोटी चाचणी घेतली. प्रश्न साधा होता. चंद्र रोज लहान-मोठा का दिसतो? उत्तरपत्रिका घेऊन ती आमच्याकडे आली, ती रडवेली होऊन. निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले होते, ‘चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून’.

आता, वाचकहो, आपणही क्षणभर थांबून स्वतःला हा प्रश्न विचारून पाहा. माझेही उत्तर तेच होते, हे मी येथे प्रांजळपणे कबूल करतो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात, आणि तीही फक्त पौर्णिमेला. रोजच्या कलांशी तिचा काडीचाही संबंध नाही. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग सदैव उजळलेलाच असतो. त्या उजळ भागाचा किती हिस्सा आपल्या बाजूने दिसतो, एवढाच काय तो फरक. भाचीच्या व्हिडिओत हे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. मुलांनी ते ऐकले होते. तरीही चाचणीत सावलीच उतरली!

“मामा, मी महिनाभर काय केलं मग?” तिने विचारले. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

जुनीच आशा, नवे यंत्र

उत्तर नव्हते खरे, पण या आशेला आणि या निराशेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१३ साली एडिसनने भाकीत केले होते की चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुस्तके अजून आहेत. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. १९७५-७६ साली आपल्या देशात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ निघाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कित्येकांच्या बालपणाला तिची सोबत होती. २०१७ साली ती संस्था बंद झाली. २०२० साली साथीने शाळांना कुलुपे लागली, तेव्हा घराघरांतला मोबाईल हीच शाळा झाली आणि ज्या घरी मोबाईल नव्हता तिथे शाळाही नव्हती.

म्हणून ही साधने व्यर्थ, असे मात्र मुळीच नाही. आपल्या दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला १९१३ साली. पण त्याच्या आधी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढे कॅमेरा रोवला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत तो थोडा थोडा टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. डोळ्याला जे कधी दिसत नाही ते त्या यंत्राने दाखवले. न नाच, न गाणे. एक वाटाणा आणि भरपूर धीर.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे बहुतेकांना आठवत असेल. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, गोष्टी आणि पाठ ठेवण्याची त्यांची कल्पना गाजली. पण त्या चौकोनी ठिपक्यांआधीची एक पायरी कमी लोकांना ठाऊक आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. तेव्हा डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले आणि मग पुस्तके त्या भाषेत आणली. यंत्र नंतर आले, मुलांचे ऐकणे आधी.

भाचीने वाचनालयात आणि इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा तिला दोन गोष्टी सापडल्या. १९८७ सालच्या एका अमेरिकन माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला कशा होतात असे विचारले होते. त्यांतल्या २१ जणांना नीट सांगता आले नाही. हे वाचून तिला थोडा धीर आला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. डेरेक म्युलर या संशोधकाने सिडनी विद्यापीठातल्या २००८ सालच्या आपल्या प्रबंधात दाखवले होते की अगदी सुबोध, सरळ स्पष्टीकरणाचा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडतो, आपल्याला समजले असे त्यांना ठामपणे वाटते, पण मनातली जुनी चुकीची समजूत तशीच राहते. पाहणारा म्हणतो, ‘हे तर मला माहीतच होते!’ आणि पुढे लक्षच देत नाही. याउलट, व्हिडिओत ती चुकीची समजूतच आधी कोणी बोलून दाखवली आणि मग ती तपासली, तर पाहणारा थोडा गोंधळतो, पण शिकतो.

“म्हणजे मुलांच्या मनात काय आहे, हे मी विचारलंच नाही,” भाची म्हणाली. मग एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “एकाने आपणहून सांगितलं होतं. त्यालाही मी खाली बसवलं.”

फुलबाजारातला निरीक्षक

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिने त्या मुलाला गाठले. चंद्राचे पोट सूर्याकडे असते हे त्याला कोणी सांगितले? कोणीच नाही. तो रोज पहाटे आजीबरोबर मार्केट यार्डातल्या फुलबाजारात जातो. आजी झेंडू-शेवंतीचा सौदा करीत असते तोवर तो टेंपोपाशी पाट्या सांभाळत उभा असतो. तिथून चंद्र दिसतो. उजाडू लागले की चंद्राची फुगीर बाजू नेमकी उजाडणाऱ्या दिशेला असते, हे त्याने किती तरी वेळा पाहिले होते.

आणि व्हिडिओ का पाहिला नाही? घरात मोबाईल एकच. वडील रात्रपाळीचे पहारेकरी. मोबाईल त्यांच्याबरोबर जातो आणि सकाळी ते परत येतात तेव्हा हा शाळेत निघालेला असतो. शिवाय दीडशे मेगाबाइटांचा तो व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर उतरता उतरेना.

त्या संध्याकाळी भाची जेवली नाही. “मामा, ज्या एका मुलाने खरा चंद्र पाहिला होता, त्याच्याच नावापुढे मी असमाधानकारक लिहिलं,” एवढेच म्हणाली. सकाळी ती वर्गशिक्षिकांकडे गेली, तो शेरा त्यांच्यासमोर खोडला आणि चूक माझी होती असे त्याच्याखाली लिहून सही केली. मग तिने त्या मुलाला एक कोरी चित्रकलेची वही दिली आणि सांगितले, “कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज एक पान. जागा तीच, वेळ तीच. चंद्र कुठे आहे आणि केवढा आहे, एवढंच काढायचं.”

मोजायला साधन? हात लांब करून धरलेली मूठ. तेवढ्या मुठीने आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात. सूर्याच्या तुलनेत चंद्र रोज सुमारे १२ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे एका मुठीहून थोडा अधिक. म्हणूनच तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. संकष्टीचा उपास करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहिल्याशिवाय त्या ताट वाढून घेत नाहीत. गोकुळाष्टमीला कृष्णजन्माच्या सुमारास, मध्यरात्री, चंद्र उगवतो, हेही त्याच हिशेबातले. हे सारे ज्ञान घरातच होते. त्याचा शाळेतल्या धड्याशी सांधा जुळवला नव्हता इतकेच.

चेंडू आणि दिवा

इकडे भाचीने वर्गात नवा पाठ सुरू केला, तो आपलाच जुना व्हिडिओ पुन्हा लावून. “यात एक चूक आहे. मला सापडली नव्हती, तुमच्यातल्या एकाला सापडली. शोधा पाहू!” ज्या वर्गाने आधी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या, तोच आता प्रत्येक चित्र थांबवून पाहू लागला. कोरीची उजळ बाजू सूर्याकडे पाठ करून बसली आहे, हे दहा मिनिटांत निघाले.

मग तिने पडदे ओढले, मधोमध एकच दिवा लावला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पांढरा चेंडू दिला. चेंडू हात लांब करून दिव्याच्या दिशेला धरा, तुम्हाला त्याची काळी बाजू दिसते, ही अमावास्या. तसेच डावीकडे हळूहळू वळत जा. आधी कोर, मग अर्धा चेंडू, ही शुद्ध अष्टमी. दिव्याकडे पूर्ण पाठ झाली की पौर्णिमा. यात सावली कुठे आली? सावली आली ती तिथे, पौर्णिमेला, एका उंच मुलाच्या डोक्याची त्याच्याच चेंडूवर! “हे झालं ग्रहण,” भाची म्हणाली. “आता चेंडू जरा वर धर.” चेंडू वर धरताच सावली गेली. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे म्हणूनच दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. चंद्र बहुधा सावलीच्या थोडा वरून वा खालून निसटून जातो.

तरीही एक मुलगी हटून बसली होती. तिचे म्हणणे, चेंडूचे ठीक आहे, पण खऱ्या चंद्रावर सावली पडत नसेल कशावरून? तेव्हा ‘स्टेलेरियम’ हे साधन कामास आले. हेही फुकट मिळते. गाव, तारीख आणि वेळ सांगितली की तिथले आकाश पडद्यावर उभे राहते. भाचीने पुणे निवडले आणि येत्या वद्य अष्टमीची सकाळ लावली. पूर्वेला सूर्य वर आलेला आणि पश्चिमेकडे अर्धा चंद्र, दोघेही एकाच वेळी आकाशात! “सूर्य इकडे, चंद्र तिकडे आणि पृथ्वी आपल्या पायाखाली. मग तिची सावली वर चंद्रावर पडेल कशी?” अष्टमीच्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळा वर्ग माना वर करून उभा होता. चंद्र होता. पडद्यावर होता तिथेच होता. हटून बसलेली ती मुलगी पुढे बराच वेळ वर पाहत होती, असे भाचीने सांगितले.

अडीच मेगाबाइटांचा धडा

दिवाळीची सुटी संपल्यावर त्या मुलाने वही आणून दिली. चौदा पाने. अकरा पानांवर चंद्र. पश्चिमेच्या पत्र्याच्या शेडवर टेकलेला पहिल्या पानावरचा गरगरीत गोळा सरकत सरकत माथ्यावर आला होता आणि मग पूर्वेकडे उतरत बारीक होत गेला होता. पोट सदा सूर्याकडे! उरलेल्या तीन पानांवर एकच शब्द होता, ‘ढग’.

भाचीच्या मनात आले, या तीन पानांवरचे चंद्र आपणच काढून टाकावेत. कसे असणार हे तर आता ठाऊकच आहे, आणि व्हिडिओ सलग होईल. तिने तसे त्याला विचारलेही.

“पण बाई, मी पाहिला नाही तर काढायचा कसा?” तो म्हणाला.

ती तीन पाने तशीच राहिली.

मग आमच्या माडीवर पुन्हा रजई चढली. या वेळी बोलणारा तो मुलगा होता. त्याच्या आजीची परवानगी घेतली; चेहरा दाखवायचा नाही, नाव घालायचे नाही, हे ठरले. भाचीने वहीची पाने खिडकीजवळच्या उजेडात मोबाईलने टिपली, ओळीने लावली आणि प्रत्येक पानावर त्याचे स्वतःच्या शब्दांतले बोलणे बसवले. बासरी नाही, तारे लुकलुकत नाहीत. खाली मराठीत ओळी टंकल्या, म्हणजे आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यालाही कळावे.

आता आकाराचा हिशेब पाहा. मोबाईलवर उत्तम प्रतीचे चित्रण केले तर एका मिनिटाला शंभर मेगाबाइटांच्या वर जागा सहज जाते. पण नुसते बोलणे सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे ८ किलोबाइट, या मापाने साठवले तरी स्वच्छ ऐकू येते. तीन मिनिटांचे झाले दीड मेगाबाइटाहूनही कमी. स्थिर चित्रे तर आणखी काटकसरी, कारण एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जे बदलले तेवढेच यंत्र नव्याने लिहून ठेवते. सगळा धडा अडीच मेगाबाइटांच्या आत बसला. सकाळी वडील पहाऱ्यावरून घरी आले आणि तो शाळेत निघण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत त्यांच्या मोबाईलवर उतरलाही. वडिलांनी तो उभ्या उभ्याच तीनदा ऐकला म्हणतात.

पुढच्या चाचणीत सगळ्यांना सगळे आले, असे मी सांगणार नाही. चार-पाच जणांनी पुन्हा पृथ्वीची सावलीच लिहिली. भाची त्यांच्याशी पुन्हा चेंडू घेऊन बसली. पण बाकीच्यांनी नुसते उत्तर लिहिले नव्हते. शेजारी चित्र काढून पोट कुठल्या बाजूला तेही दाखवले होते.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांसाठी

आपल्याही घरी मुले मोबाईल घेऊन बसतात आणि ‘अभ्यास करतोय’ असे सांगतात. कधी ते खरे असते, कधी नसते. आणि आपण बहुधा किती वेळ झाला तेवढेच मोजतो. माडीवरच्या त्या दोन महिन्यांत मी जे पाहिले त्यावरून मला वाटते, वेळेपेक्षा दुसरे काही विचारावे. व्हिडिओ संपला की मुलाला तो बंद करून आपल्याला समजावून सांगायला लावावे. त्याआधी, ‘तुला काय वाटतं, असं का होत असेल?’ हे विचारावे आणि उत्तर चुकले तरी हसू नये. त्या चुकीच्या उत्तरातूनच शिकण्याची वाट जाते. जमेल तेव्हा मुलांना पाहणारे न ठेवता करणारे करावे. तीन मिनिटे स्वतःच्या आवाजात काही समजावून सांगायचे म्हटले, की आपल्याला काय येत नाही ते पहिल्याच मिनिटाला उघड होते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. साधा मोबाईल, फुकट मिळणारी दोन-तीन साधने आणि एक जुनी रजई पुरते. आणि दुसऱ्याचे चित्र घेतले तर त्याचे नाव लिहायला शिकवावे. ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

भाचीला त्या पाठाला किती गुण मिळाले, असे आमच्या शेजाऱ्यांनी विचारले. बरे मिळाले. परीक्षकांनी एक शेरा मात्र दिला की मधली तीन पाने रिकामी असल्याने सादरीकरण किंचित अपुरे वाटते. भाचीने तो शेरा आम्हाला वाचून दाखवला आणि मोठ्याने हसली.

असो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आपण सारे उठणारच आहोत. पंचांगात त्या स्नानाशी चंद्रोदयाची वेळ जोडलेली असते, ती उगीच नव्हे. तेल-उटणे लावून झाले की मुलांना घेऊन पाच मिनिटे गच्चीवर जा. ढग नसतील तर पूर्वेला क्षितिजापाशी चंद्राची अगदी बारीक कोर दिसेल. तिचे पोट कुठल्या बाजूला आहे ते मुलांना विचारा. आपण मात्र आधी सांगू नका. गेल्या वर्षी त्या पहाटे आम्ही तिघे गच्चीवर उभे होतो, आणि त्याच वेळी मार्केट यार्डात झेंडूच्या ढिगापाशी एक मुलगा वहीचे चौदावे पान भरत होता.